फ्लेअरमध्ये जळणाऱ्या गॅसवर वीज: बाडमेरच्या तेलविहिरींवरचा अनुभव

बाडमेर जिल्ह्यातल्या एका छोट्या तेलक्षेत्रावर डिझेल जनरेटर मागे सारून तिथल्याच गॅसवर वीज निर्माण करायचं काम माझ्याकडे होतं. मार्च २०२३ मध्ये विषय निघाला, जानेवारी २०२४ मध्ये इंजिन फिरलं आणि जून २०२४ पर्यंत पहिला उन्हाळा पार पडला. त्याआधी माझी सगळी नोकरी पुणे परिसरातल्या कारखान्यांच्या जनरेटरवर गेली होती. तिथे महावितरणची वीज गेली की जनरेटर सुरू होतो, आली की बंद होतो. इथे जनरेटर हीच वीज. सुरुवातीला कुठून हात घालायचा, कोणत्या कार्यालयात आधी जायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. याच वाटेवर कुणी उभं असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

साइट म्हणजे तीन विहिरी, तेल आणि गॅस वेगळे करणारा एक सेपरेटर, दोन टाक्या, टँकर भरायची जागा आणि चार पोर्टा केबिन. बाडमेर शहरापासून गाडीने दोन-अडीच तास, त्यातला शेवटचा तुकडा वाळूतला. इथलं तेल मेणचट आहे. थंड झालं की थिजतं. वीज गेली की पंप थांबतात, पंप थांबले की लाइनमधलं तेल बसतं, आणि बसलेली लाइन गरम पाणी सोडून मोकळी करताना सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. याच जिल्ह्यातलं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं आणि २००९ मध्ये उत्पादनाला लागलं. तिथलं तेल गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन सबंध लांबीभर गरम ठेवावी लागते, आणि वाटेतल्या हीटिंग स्टेशनना इंधन मिळावं म्हणून तिच्या सोबतीने गॅसची वेगळी नळी टाकलेली आहे. मोठ्यांनाही गॅस शेजारून नेऊन जागेवरच वीज करावी लागली, हे कळल्यावर मला जरा धीर आला.

आमच्याकडे भाड्याचे दोन डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर होते, प्रत्येकी २५० केव्हीए. एक चालू, एक राखीव. सरासरी लोड ९५ किलोवॅटच्या आसपास. एका लिटर डिझेलमधून साधारण साडेतीन युनिट मिळतात असं धरलं तर रोजचं साडेसहाशे लिटरच्या वर डिझेल. राजस्थानात तेव्हा लिटरचा भाव नव्वदच्या पुढे होता. महिन्याला अठरा लाख नुसत्या डिझेलचे, भाडं वेगळं. शिवाय परवाना न काढता डिझेल साठवायची मर्यादा २५०० लिटर, तीही १००० लिटरपेक्षा मोठं भांडं न वापरता. म्हणजे चार दिवसांचाही साठा नाही. वादळात रस्त्यावर वाळू चढली की डिझेलचा टँकर अडकतो. आणि हे सगळं चालू असताना पलीकडे फ्लेअरवर, म्हणजे तेलाबरोबर आलेला नको असलेला गॅस जाळून टाकायच्या नळीवर, दिवसाला अडीच हजार घनमीटर गॅस जळत असायचा. विजेसाठी त्यातला सातशेच्या आसपास पुरणार होता.

आधी ग्रीडचा पर्याय तपासला. तो तपासाच, कारण प्रत्येक बैठकीत 'लाइन का नाही घेत?' हा प्रश्न येतो आणि उत्तर कागदावर असलेलं बरं. ३३ केव्हीची लाइन ओढायचा खर्च आमच्यावर, खांबांसाठी शेतकऱ्यांची संमती आमच्यावर, आणि इतकं करून फीडर ट्रिप झाला तर डीजी लागणारच. महिन्याभरात हा पर्याय बाजूला पडला.

एप्रिलमध्ये लोड मोजायला बसले. यावर मी जितका भर देईन तितका थोडा. नेमप्लेटवरचे किलोवॅट जोडून जनरेटर ठरवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि कारखान्यात ती खपूनही जाते. तेलविहिरीवर नाही. आमच्या तिन्ही विहिरींवर सकर रॉड पंप आहेत, साइटवर सगळे त्याला एसआरपी म्हणतात. वर-खाली डुलणारं ते मोठं डोकं फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मिनिटाला पाच-सहा फेरे. डोकं वर जाताना मोटर रॉडची सगळी माळ आणि वरचं तेल उचलते, खाली येताना रॉड स्वतःच्या वजनाने उतरतो. काउंटरवेट, म्हणजे रॉडचा तोल साधणारं वजन, नीट बसवलेलं नसेल तर उतरताना उताराला लागलेली बैलगाडी बैलांनाच पुढे ढकलते तसा रॉड मोटरला ढकलतो, आणि मोटर वीज घेण्याऐवजी परत फेकते. साधा क्लॅम्प मीटर इथे फसवतो. तो अँपिअर दाखवतो, वीज कोणत्या दिशेला चालली आहे ते दाखवत नाही. पॉवर अ‍ॅनलायझर भाड्याने आणला, प्रत्येक फीडरवर लावला आणि पूर्ण आठवडा नोंद घेतली. दुसऱ्या विहिरीचा आलेख अजून डोळ्यांसमोर आहे: अठ्ठेचाळीस किलोवॅट, बारा, उणे सहा, पुन्हा अठ्ठेचाळीस. दर दहा-अकरा सेकंदांनी. तिन्ही पंपांचे फेरे थोडे वेगवेगळे, त्यामुळे मधूनच तिघांचे चढ एकत्र येतात आणि एकूण लोड १८० किलोवॅटला भिडतो.

डिझेल इंजिन असले धक्के पचवतं. टर्बोचार्ज्ड गॅस इंजिनचा स्वभाव वेगळा. हवा आणि गॅसचं मिश्रण बनून सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ लागतो, एकदम मोठा लोड टाकला की वेग पडतो आणि ते बंद पडतं. म्हणून गॅस जेनसेट घेताना 'किती केव्हीए' याच्या बरोबरीने 'एका पायरीत किती टक्के लोड घेतो' हे लेखी मागा. आयएसओ ८५२८ मध्ये व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किती ढळलेली चालेल याचे जी-१, जी-२, जी-३ असे वर्ग आहेत. कोटेशनमध्ये वर्ग आणि पायऱ्या दोन्ही लिहून घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मग गॅस. मे महिन्यात नमुना घेतला. फ्लेअरचा गॅस म्हणजे घरातल्या पाइप गॅससारखा निव्वळ मिथेन नव्हे. तेलाबरोबर येणाऱ्या गॅसमध्ये इथेन, प्रोपेन, ब्यूटेन आणि त्याहून जड घटक असतात. इंजिनवाले 'मिथेन नंबर' विचारतात: शुद्ध मिथेनचा १००, हायड्रोजनचा शून्य, प्रोपेनचा पस्तिशीच्या जवळ आणि ब्यूटेनचा दहाच्या. नंबर जितका कमी, तितकी इंजिनमध्ये मिश्रण वेळेआधी पेटून नॉकिंग होण्याची भीती जास्त. आमचा पन्नाशीच्या आत-बाहेर निघाला. याचा अर्थ इंजिन पूर्ण ताकदीने चालवता येणार नाही.

नमुना घेण्याबद्दल एक गोष्ट जपून ठेवा. सेपरेटरच्या गरम गॅसचा नमुना सिलिंडरमध्ये घेतला आणि तो थंड झाला, की जड घटक आत द्रव होऊन तळाशी बसतात. प्रयोगशाळेने तो न तापवता तपासला तर अहवालात गॅस प्रत्यक्षापेक्षा हलका दिसतो आणि त्या भरवशावर चुकीचं इंजिन घेतलं जातं. आम्ही प्रयोगशाळेला आधी फोन करून सिलिंडर कोणत्या तापमानाला आणून तपासणार ते विचारलं आणि अहवालावर लिहून घेतलं. सिलिंडर विमानाच्या कुरिअरने जात नाही, रस्त्याने धोकादायक माल म्हणून जातो. घेण्यापासून अहवालापर्यंत तीन-साडेतीन आठवडे धरून चाला. तपासणीचा खर्च पंधरा हजारांच्या आसपास आला. सबंध प्रकल्पात इतक्या कमी पैशांत इतकं महत्त्वाचं दुसरं काही मिळालं नाही. हायड्रोजन सल्फाइडची चाचणीही त्याच वेळी करून घ्या. तो तांबं आणि पितळ खातो. आमच्याकडे नगण्य निघाला, पण अंदाजावर सोडायची ती गोष्ट नाही.

जूनमध्ये कोटेशनं यायला लागली. पहिला प्रस्ताव २५० केव्हीएचा. म्हणजे २०० किलोवॅट, कागदावर भरपूर. मी गॅसचा अहवाल आणि ५० अंश तापमान समोर ठेवलं. मिथेन नंबरसाठी पाव भाग वजा, उष्णतेसाठी आणखी दहा टक्के, की हातात १३५ उरतात. शिखर १८०. शेवटी ३२० केव्हीएचं, कमी कॉम्प्रेशनच्या पिस्टनचं इंजिन ठरलं, जे आमच्या गॅसवर आमच्या उन्हात १७० किलोवॅट देईल असं निर्मात्याने लिहून दिलं. १७० आणि १८० मधलं अंतर आम्ही लोडच्या बाजूने मिटवायचं ठरवलं. ते कसं, पुढे येईलच. नेमकं त्याच वेळी, १ जुलै २०२३ पासून, ८०० किलोवॅटपर्यंतच्या जेनसेटसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस निकष लागू झाले. हे निकष गॅसच्या सेटलाही आहेत. जुन्या निकषांचा साठा स्वस्तात देऊ करणारे फोन आले, पण नव्या सेटला प्रमाणपत्र नसेल तर पुढे संमतीपत्र अडतं. चार पैसे वाचवायला जाऊ नका.

ऑर्डर ऑगस्टमध्ये गेली. जीएसटीसह जेनसेट सत्तर लाखांच्या थोडा वर, गॅस स्वच्छ करायचं स्किड (एकाच चौकटीवर बसवलेली यंत्रणा) एकवीस लाख, पाया, पॅनेल, केबल, अर्थिंग मिळून बावीस. सगळं धरून सव्वा कोटीच्या आत बसलं.

आता कागदपत्रं. इथे मला सगळ्यात जास्त एकटं वाटलं, म्हणून सविस्तर सांगते.

महाराष्ट्रात मी जनरेटरची फाइल घेऊन राज्याच्या विद्युत निरीक्षकांकडे जात असे. इथे तसं नाही. आपल्या कायद्यात तेलविहीर ही खाण आहे. तेव्हा तिला खाण अधिनियम १९५२ लागू होता, आणि त्याखाली ऑईल माइन्स रेग्युलेशन्स २०१७. त्यामुळे विजेच्या तपासणीसाठीही धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएमएसच्या विभागीय कार्यालयाकडे जावं लागतं. हे कळेपर्यंत लोक दोन दारं ठोठावून येतात. फाइलमध्ये सिंगल लाइन डायग्राम, लोडची यादी, अर्थिंगचा नकाशा, रिलेची (बिघाड दिसताच ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाची) सेटिंग, प्रत्येक उपकरणाचं टेस्ट सर्टिफिकेट आणि धोकादायक क्षेत्रांचा नकाशा लागतो. या शेवटच्या नकाशात विहिरीचं तोंड, सेपरेटर, टाक्यांचे व्हेंट यांच्याभोवती, पेटणारा गॅस असण्याची शक्यता किती त्यानुसार, झोन ०, झोन १, झोन २ आखलेले असतात. झोनच्या आत बसणाऱ्या प्रत्येक दिव्याला, बटणाला, जंक्शन बॉक्सला मान्यता हवी, आणि ती बॉक्सवर कोरलेल्या नंबराशी जुळायला हवी. जनरेटर झोनच्या बाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून. आमची पहिली जागा कागदावर बरोबर होती, पण उन्हाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा टाक्यांवरून थेट तिकडे येत होता. पाया खणण्याआधी जागा सरकवली.

एक सवय लावून घ्या: फाइल देताना प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि पोचपावतीवर पानांची संख्या लिहून घ्या. शंका विचारणारं पत्र आलं तर फोनवर उत्तर देऊन थांबू नका, त्याच क्रमाने लेखी उत्तर पाठवा. आमच्याकडे एकच शंकापत्र आलं, अर्थिंग आणि गॅस डिटेक्टरच्या जागांबद्दल, आणि ते रास्त होतं. फाइल देण्यापासून परवानगी हातात पडेपर्यंत ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबर उजाडला.

त्याच्या जोडीला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, आधी उभारणीचं, मग चालवण्याचं. तिथे चिमणीची उंची विचारतात. सूत्र सोपं आहे: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर मिळवायचे. ३२० साठी ते सुमारे ३.६ मीटर होतात. छत ठरवतानाच हे पाहा, नाहीतर आधार पुन्हा वेल्ड करावे लागतात. तिसरी गोष्ट गॅसच्या हिशेबाची. जाळलेला गॅस आणि विजेसाठी वापरलेला गॅस वेगवेगळा मोजून महिन्याच्या अहवालात दाखवावा लागतो. त्यासाठी स्वतंत्र मीटर आणि त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून हवं. स्वतः तयार केलेल्या विजेवर राज्याचं विद्युत शुल्कही असतं, म्हणून युनिटची नोंदवहीसुद्धा.

नोव्हेंबरमध्ये फॅक्टरी टेस्टसाठी पुण्याला आले. जेनसेटच्या धंद्यात पुणे जिल्ह्याला, आणि पलीकडे फलटण-कागलला, तोड नाही. सुटे भाग, माणसं, चाचणीसाठी कृत्रिम लोड देणारी लोड बँक, सगळं हाताशी. टेस्टला माझी एकच अट होती: नुसता स्थिर लोड नको, आमच्या विहिरींच्या आलेखाप्रमाणे चढता-उतरता लोड टाकून दाखवा. टेस्ट इंजिनिअरांनी एप्रिलची फाइल पाहिली, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मॅडम, हे मागतं कोण? करू आपण." दुपारभर लोड बँकेच्या पायऱ्या हाताने टाकत त्यांनी ते केलं. इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची सेटिंग तिथेच दोनदा बदलली. हेच साइटवर करायचं तर इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत वाट पाहावी लागली असती.

ट्रेलर पुण्याहून निघाला तेव्हा इकडे अर्थिंगचं काम चालू होतं. कोरड्या वाळूत अर्थिंग हे दुखणं आहे. पहिल्या खड्ड्याचं माप दोन अंकी ओहममध्ये आलं. मग खोल बोअर घेऊन तांब्याचे इलेक्ट्रोड, भोवती ओल धरणारी बेंटोनाइट माती, आणि सगळे खड्डे पट्टीने एकमेकांना जोडले. एकत्रित माप एक ओहमच्या खाली आलं तेव्हा हायसं वाटलं. न्यूट्रलचे दोन खड्डे वेगळे आणि बॉडीचे दोन वेगळे, हे विसरू नका. विहिरीची केसिंग, म्हणजे तिच्यात बसवलेली पोलादी नळी, जमिनीत खोल गेलेली असते म्हणून अर्थ तिलाच जोडा, असं सुचवणारं कुणीतरी भेटतंच. ते करू नका, भटक्या प्रवाहाने केसिंग गंजते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. केबिनचे दिवे, एअर कॉम्प्रेसर, सगळं व्यवस्थित. पहिला पंप घेतला आणि थोड्याच वेळात ब्रेकर पडला. पॅनेलवर 'रिव्हर्स पॉवर', म्हणजे वीज उलटी जनरेटरकडे येते आहे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. डिझेलवर वर्षभर जे झालं नव्हतं ते आता का? उत्तर एप्रिलच्या फाइलमध्येच होतं. एप्रिलमध्ये पोर्टा केबिनचे एसी चालू होते, पंप परत फेकत असलेली वीज ते गिळत होते. जानेवारीत एसी बंद, पंप एकटाच, आणि ते उणे सहा किलोवॅट सरळ जनरेटरवर. शिवाय गॅस इंजिनच्या रिलेची मर्यादा डिझेलपेक्षा कडक.

तीन गोष्टी केल्या. पंपाच्या मेकॅनिकल चमूला बोलावून काउंटरवेट सरकवलं. चढताना ६१ अँपिअर आणि उतरताना २४ होते, ते ४५ आणि ४२ वर आले. पानेवाल्या चार माणसांचं सकाळभराचं काम, खर्च जवळजवळ काही नाही, आणि एकूण लोडचं शिखर १८० वरून १३५ वर. निर्मात्याने दिलेलं १७० आता पुरून उरत होतं. जनरेटरवाले जनरेटर पाहतात, पंपवाले पंप पाहतात. दोघांना एका आलेखासमोर बसवलं तेव्हा हे सुटलं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. दुसरं, टाकीतलं तेल गरम ठेवायला विजेचे हीटर कायम चालू ठेवले, म्हणजे थंडीत किमान लोडही राहतो आणि तेलही थिजत नाही. तिसरं, निर्मात्याकडून लेखी घेऊन रिलेला थोडा उशीर दिला. लेखी हा शब्द पुन्हा सांगते, कारण संरक्षणाची सेटिंग तोंडी बदलली तर पुढच्या तपासणीत उत्तर देता येत नाही. पंपही आता वेळ सोडून एकामागून एक सुरू होतात, वीज परतली म्हणून तिघे एकदम उठत नाहीत.

पुढची अडचण रात्रीची होती. दिवसभर इंजिन सुरळीत, पहाटे चारच्या सुमारास नॉक, मग बंद. डीजी चालू करून शिफ्ट ऑपरेटर फोन करायचे. इथे एक नियम आड आला. खाणीत महिलांनी संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला पूर्वी बंदीच होती. २०१९ मध्ये ती शिथिल झाली, पण तेव्हा लेखी संमती लागायची आणि पाळीत किमान तीन महिलांचा गट लागायचा. साइटवर मी एकटीच. त्यामुळे पहाटेचा प्रकार स्वतः पाहायला उभी राहू शकत नव्हते. संध्याकाळी निघताना गॅसचा दाब, लाइनचं तापमान आणि नॉक सेन्सर, तिन्ही लॉगरवर टाकून जायचे आणि सकाळी आलेख वाचायचे. शिफ्ट ऑपरेटर काका चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांना सांगून ठेवलं होतं की बंद पडलं की लगेच इंजिनाजवळच्या फिल्टरचा ड्रेन उघडून बाटलीत काय निघतं ते ठेवा. तिसऱ्या सकाळी टेबलावर पाण्याची बाटली होती, अर्ध्याच्या वर फिकट पिवळ्या द्रवाने भरलेली. झाकण सैल करताच पेट्रोलसारखा वास. "मॅडम, ये गैस नहीं, ये तो तेल पी रहा था," काका म्हणाले.

वाळवंटात रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. सेपरेटरमधून निघालेला गॅस उघड्या पाइपमधून इंजिनापर्यंत येताना थंड होत होता आणि प्रोपेन-ब्यूटेनपेक्षा जड घटक वाटेत द्रव होत होते. स्किडमध्ये गॅसमधला द्रव वेगळा काढणारा नॉकआउट ड्रम आणि फिल्टर होतेच, पण त्यांच्या पुढच्या पाइपमध्ये जमणाऱ्या द्रवाला ते काय करणार? पाइपला इंजिनाकडून ड्रमकडे उतार दिला, सबंध लांबीभर इन्सुलेशन आणि हीट ट्रेसिंग (पाइपला लागून ऊब देणारी सोय) केलं, आणि फिल्टरनंतर गॅस दवबिंदूच्या (ज्या तापमानाला त्यातला द्रव सुटायला लागतो त्याच्या) दहा-पंधरा अंश वर राहील एवढा तापवायची सोय केली. काम फेब्रुवारीच्या मध्याला संपलं, त्यानंतर पहाटेचा फोन आला नाही. स्किडच्या स्पेसिफिकेशनमध्ये तुमच्या जागेचं जानेवारीतलं किमान तापमान ठळक लिहा. राजस्थान म्हटलं की सगळे फक्त उन्हाचा विचार करतात.

ऊन तर आलंच. फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंशांची नोंद झाली होती, आणि ते इथून फार लांब नाही. मे २०२४ मध्ये बाडमेरचा पारा ४८ च्या वर गेला. सेपरेटर तापला की तेलातले जड घटक जास्त प्रमाणात गॅसमध्ये येतात, म्हणजे उन्हाळ्यात मिथेन नंबर आणखी घसरतो आणि नेमकी तेव्हाच रेडिएटरची परीक्षा असते. दुपारी दोन ते पाच आम्ही टँकर भरायचा पंप बंद ठेवला, ते काम पहाटेवर ढकललं. रेडिएटरच्या पात्यांत वाळू आणि तेलाची पुटं चढतात. हवेच्या उलट दिशेने आठवड्याला साफ केली तर पाण्याचं तापमान चार-पाच अंशांनी खाली राहतं. एअर फिल्टरच्या पुढे वाळू वेगळी करणारे सायक्लोन लावले आहेत, त्यांच्याशिवाय फिल्टरचा खर्च परवडला नसता. मे महिन्यात इंजिन दोनदा थांबलं, एकदा ठरवून आणि एकदा वादळात.

एक डीजी अजून राखीव आहे. तो आठवड्यातून एकदा खऱ्या लोडवर चालवतो. बिनलोडाचा डीजी फिरवत ठेवला की एक्झॉस्टमध्ये काजळी आणि न जळलेलं तेल साचतं आणि गरजेच्या वेळी दगा मिळतो. सात किलोमीटरवर चौथी विहीर आहे, ती स्वतःच्या दाबाने वाहते. तिथे फक्त दाबाची नोंद, संदेश यंत्रणा आणि रसायनाचा छोटा पंप. तेवढ्यासाठी केबल ओढण्यात अर्थ नव्हता. गॅस जाळून थेट वीज देणारे थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर पाहिले. त्यांत फिरणारा भागच नसतो, पण इंधनातली अगदी थोडी ऊर्जा विजेत उतरते आणि किंमत जड. सोलर पॅनेल आणि पाच दिवस पुरेल एवढी बॅटरी लावली. मुंबई हायच्या मानवरहित प्लॅटफॉर्मवर वर्षानुवर्षं सोलरच काम करतं आहे. बॅटरीची पेटी मात्र सावलीत आणि हवेशीर ठेवा, बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते.

डिझेल आता महिन्याला लाखाच्या आसपास. इंजिन ऑईल, स्पार्क प्लग, फिल्टर आणि देखभालीचा करार मिळून तीनेक लाख. असल्या गॅसवर ऑईल लवकर खराब होतं, म्हणून दर बदलाला नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्या अहवालावरून पुढचा बदल ठरतो. चालवण्याचं संमतीपत्र मार्चमध्ये मिळालं, त्याच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. जेवढा गॅस आम्ही वापरतो तेवढी फ्लेअर लहान झाली, उरलेला अजून जळतोच. त्यावर दुसरा सेट लावून शेजारच्या पॅडला, म्हणजे विहिरींच्या दुसऱ्या जागेला, वीज द्यायचा विचार पुढे आला आहे. त्यासाठी नव्या विहिरीच्या गॅसचा नमुना गेल्या सोमवारी रवाना केला. प्रयोगशाळेला फोन करून सिलिंडर किती तापवणार ते विचारून घेतलं आहे.